स्टिअरिंगवरचे बोट

"चौथा दिवस, गाडी क्रमांक अकरा," वर्नाने शाळेच्या थांबलेल्या बसमध्ये वहीत लिहिले. "चालकाने बोट वर केले. मी केले नाही. त्याने वळून पाहिले."

कॅनडातल्या सस्कॅचेवानच्या त्या सपाट मुलखात समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचे एक बोट उचलायचे, ओळख असो वा नसो. अठ्ठावीस वर्षे बस चालवताना वर्नाने ते लाखभर वेळा तरी उचलले असेल. पण पन्नाशीत तिने घरबसल्या विद्यापीठाची पदवी घ्यायला काढली होती, आणि शेवटच्या विषयाला, सामाजिक मानसशास्त्राला, शिकवणाऱ्या बाईंनी कामगिरी दिली होती: गावातला एक बारीकसा रिवाज सात दिवस मोडा, कुणाला सांगू नका, लोक कसे वागतात ते टिपा. बाई राहणार टोरांटोत. उंटावरून शेळ्या हाकायला त्यांचे काय जात होते?

दोन दिवस लोकांनी काळजी केली. कुणी खांदा दुखतो का विचारले, कुणी सूप आणून दिले. मग दुकानात कुजबुज सुरू झाली, की शिकली म्हणून हिला शिंगे फुटली. वर्नाला मजा वाटत होती, खोटे कशाला बोला. पुस्तकात लिहिले होते अगदी तसेच गाव वागत होते.

सहाव्या दिवशी, गुरुवारी, समोरून बर्निसची गाडी आली. बर्निस गावची पोस्टमास्तरीण, ऑर्विलची बायको, वर्नाची तीस वर्षांपासूनची मैत्रीण. वर्नाची परीक्षा असली की तिच्या घरी जेवण पोचवणारी. तिने बोट नव्हे, अख्खा हात वर केला. वर्नाचे बोट आपसूक हलले. तिने ते दाबून धरले. एकच दिवस उरला होता, सगळ्या नोंदी वाया गेल्या असत्या.

सोमवारी ती केक घेऊन पोस्टात गेली आणि हसत हसत सगळे सांगून मोकळी झाली. बर्निस हसली नाही.

"गुरुवारी मी रेजायनाच्या इस्पितळातून येत होते," ती म्हणाली. "ऑर्विलचं आता काही होण्यासारखं नाही म्हणाले डॉक्टर. सत्तर मैलांत ओळखीचं पहिलं माणूस दिसलं ते तू."

"मला कुठं माहीत होतं गं?"

"कुणाला माहीत असतं? म्हणून तर हात करायचा असतो." बर्निसने केक पुन्हा तिच्याकडे सरकवला. "माझं पण लिहिलंस वहीत?"

"लिहिलं."

ती नोंद वर्नाला गाळता आली असती. पण तीच सगळ्यांत चांगली उतरली होती. शंभरापैकी चौऱ्याण्णव गुण पडले. बाईंनी शेरा दिला होता, सहाव्या दिवसाचे निरीक्षण विशेष बोलके. तो वाचून तिला स्वतःची किळस आली, आणि गुण पाहून आनंदही झाला.

नोव्हेंबरात ऑर्विल गेला. चर्चमध्ये वर्नाच्या बाकावर कुणी बसले नाही.

मार्चमध्ये रजिस्टर टपालाने पदवी आली. वर्ना पोस्टाच्या खिडकीशी उभी राहिली.

"ओळखपत्र," बर्निस म्हणाली.

गावात तिने आजवर कुणाकडे ते मागितले नव्हते.

"बर्निस, अगं मी..."

"फोटो असलेलं लागतं. नियम आहे."

वर्नाने पर्समधून लायसन काढून ठेवले. बर्निसने चष्मा लावला, फोटो पाहिला, तिचा चेहरा पाहिला, आणि तिचे पूर्ण नाव एकेक अक्षर वाचत रजिस्टरात उतरवून घेतले.