म्हातारीच्या मळ्यातले नर

उगू या पालेभाजीच्या वेलाची बी नराची की मादीची, हे वेलाला फुलं येईपर्यंत देवालाही सांगता येत नाही. उमुओक्वारा गावातल्या न्वान्येके म्हातारीला मात्र सांगता यायचं. निदान तिचं म्हणणं तसं होतं. नराचं पान बारकं, देठ सुतळीसारखा, आणि लवकर फुलून तो मोकळा. मादीची पानं मोठी, लुसलुशीत, खुडावीत तितकी पुन्हा फुटणारी. बाजारात तिच्याच जुडीवर उड्या पडायच्या. म्हणून पेरणीआधी गावच्या बायका फळं फोडून बिया म्हातारीपुढे आणायच्या. ती एकेक बी कानाशी हलवायची, हुंगायची, डोळे मिटायची, आणि "ही मुलगी, हा मुलगा" करत दोन ढीग लावायची. या विद्येपायी वाळलेल्या माशाचं एखादं डोकं तिच्या चुलीकडे वळायचं, ते वेगळंच.

मळ्यात तिला मुलगीच हवी. घरात मात्र मुलीचं नाव निघालं की तोंड कडू. सून इहुओमा हिला तीन मुली. तिसरीच्या वेळी म्हातारीने बाळाकडे नुसतं पाहिलं आणि म्हणाली, "परत तेच?" जणू दुकानदाराने चुकीचा माल दिला होता.

मुलगा ओबिओहा मोटारसायकली दुरुस्त करायचा. आईने काही म्हटलं की "बरं", बायकोने म्हटलं की "बरं". त्यामुळे दुसरी बायको आणायचं म्हातारीने ठरवलं तेव्हाही तो "बरं"च म्हणाला. शेजारच्या गावची उलोमा तिने हेरली. कारण एकच. उलोमाच्या आईला सात मुलगे होते.

त्या साली बी निवडताना म्हातारीने मुलींचा ढीग आपल्या अंगणापुढच्या वाफ्यात लावला आणि उरलेला सुनेच्या पदरात टाकला. "हे सगळे नर. तू लाव. तुझ्या हातून एखादा तरी नर उगवू दे!"

इहुओमाने ते स्वयंपाकघरामागे लावले, कोंबडीची विष्ठा घातली, वेल बांबूवर चढवले. बीतलं तिला काहीच कळत नव्हतं. कुणालाच कळत नव्हतं, पण ते कबूल करणारी ती एकटीच.

दोन महिने सरतात न सरतात तोच म्हातारीच्या वाफ्यात पांढऱ्या फुलांचे घोस लटकले. इतक्या लवकर फुलतो तो नरच. एक वेल नव्हे, जवळजवळ सगळे. म्हातारी भल्या पहाटे उठून फुलं खुडायची आणि पदराआड लपवून खड्ड्यात टाकायची. पण घोस काही ऐकेनात. शेवटी शेजारीण म्गबाफोरने कुंपणावरून पाहिलंच.

"अगं बायांनो, या गं!" ती ओरडली. "न्वान्येकेला मुलगे झाले! अख्खा वाफा भरून मुलगे!"

बायका पोट धरून हसल्या. एकीने तर, बाळ जन्मलं की गावच्या बायका मानेला फासतात तशी, टाल्कम पावडर मागितली आणि फासून नाचली.

"कुणीतरी बी बदललं," म्हातारी फणकारली. "चेटूक आहे हे!"

स्वयंपाकघरामागे मात्र हिरवागार मांडव दाटला होता.

आणि नेमके त्याच आठवड्यात पाहुणे यायचे होते. उलोमाची आई अहुन्ना येणार, आणि उगूशिवाय रस्सा म्हणजे घराची शोभाच. म्हातारी सुनेच्या दारात उभी राहिली. भिंतीकडे बघत म्हणाली, "थोडी पानं हवीत."

"खुडते की," इहुओमा म्हणाली. "पण आई, वाढणार मी. सवत माझी येतेय, तिच्या आईचं तोंड मला बघू दे."

अहुन्ना आली. पाहुण्यांच्या मानाची कोला-बी फोडली गेली, कुटलेला याम कंद आला, रस्सा आला. तिने एक घास घेतला, दुसरा घेतला आणि विचारलं, "पानं कुणाची गं? किती कोवळी!"

"माझी," इहुओमा म्हणाली. "सासूबाईंनी नर म्हणून टाकलेली. माझ्या हातून काय, मादीच उगवते."

ओबिओहा सवयीने "बरं" म्हणाला.

अहुन्ना मोठ्याने हसली. मग तिचं हसू ओसरलं. "सात मुलगे आहेत माझे. सातही दूर लागोस शहरात. गुडघे धरले तर तेल चोळायला उलोमा, पाणी भरायला उलोमा." तिने हात धुतले. "माझी एकच मादी आहे, न्वान्येके. जिथे मादीचं बी उकिरड्यावर टाकतात, तिथे मी ती लावायची नाही."

"अहो, बसा तरी! रस्सा..."

"रस्सा छान होता. एक जुडी बांधून दे गं पोरी, घरी नेते."

इहुओमाने दोन बांधल्या.

पाहुणे गेल्यावर म्हातारी बराच वेळ वाफ्यातल्या फुलांना शिव्या देत राहिली. ओबिओहाने तिसऱ्यांदा रस्सा वाढून घेतला आणि भांडं पुसून खाल्लं.

"खाऊन झालं?" इहुओमाने विचारलं.

"हो."

"मग कोयता घे आणि बांबू तोडून आण. माझे वेल खाली लोळायला लागलेत."

आईकडे एकदा बघून तो "बरं" म्हणाला. पण या खेपेला तो उठलाही.