एकाच गेमच्या दोन कॅसेटी

केसर तायडे धुळ्याच्या आयटीआयमधून रेडिओ-टीव्हीचा कोर्स करून जळगावात जब्बारचाचांच्या दुकानात लागली, त्याला शहाण्णवच्या उन्हाळ्यात दोन वर्षं झाली. टीव्हीपेक्षा व्हिडिओ गेमचीच कामं जास्त यायला लागली होती. चाचांची नजर आता बारीक सोल्डरिंगला पुरत नव्हती, त्यामुळे ती सगळी केसरकडे.

एका सकाळी पारोळ्याचे रुपचंदभाऊ बंद पडलेली कॅसेट देऊन गेले. पारोळ्यात स्टँडजवळ त्यांचं गेमचं पार्लर होतं. दोन टीव्ही आणि पोरांच्या उड्या पडणाऱ्या एकाच गेमच्या दोन कॅसेटी. बाजारातली कामं उरकून दुपारी ते परत आले, तेव्हा केसरने कॅसेटचे स्क्रू नुकतेच काढले होते. त्यांनी वाकून आत पाहिलं आणि पाहतच राहिले.

"हाई मनी कॅसेट नही शे."

"तुमचीच आहे भाऊ. सकाळपासून इथंच आहे."

"पार्लरमधली दुसरी मी परवाच धूळ झाडायला उघडली होती. आत दोन मोठे आयसी आहेत. गेम तोच, वरचं चित्र तेच, दोन्ही एका दिवशी घेतल्या. यात आयसी कुठंय?"

आत सर्किटची बोटभर पट्टी होती आणि तिच्यावर डांबर सांडल्यासारखा काळा ठिपका.

"त्या ठिपक्याखालीच चिप असते भाऊ. कारखान्यात हाताला येईल तो माल लावतात."

"मला शिकवू नका. माल काढून घेतला आणि भंगार बसवलं. चाचा, चौकीत जाऊ का मी?"

दुकानात तीन गिऱ्हाइकं उभी होती. तिघंही केसरकडे बघायला लागली. चाचांनी चष्मा काढून पुसला.

"बेटा, तुझी सामानाची पेटी दाखवून टाक त्यांना. मिटून जाईल."

केसरला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मग तिने पेटी उचलून टेबलावर ठेवली आणि झाकण उघडलं. वायरींचे तुकडे, जुन्या रेडिओतले सुटे भाग, जेवणाचा डबा. रुपचंदभाऊंनी एक आयसी उचलून उजेडात धरला.

"रेडिओतला आहे," ती म्हणाली. "नंबर वाचा."

नंबर वाचून त्यांना काय कळणार होतं? त्यांनी तो मुठीत धरून ठेवला.

"कॅसेटी कुठून घेतल्या होत्या?" तिने विचारलं.

"मागच्या गल्लीत. अमीनकडून."

"चला मग. त्याच्याकडच्या उघडून बघू. असा काळा ठिपका एकीतही निघाला नाही, तर मी स्वतः चौकीत येते."

बोलून गेल्यावर तिला आठवलं. काळ्या ठिपक्याच्या कॅसेटी तिने पुष्कळ उघडल्या होत्या, पण त्या दुसऱ्या गेमच्या. या गेमची एकही नाही.

चाचाही त्यांच्या मागोमाग आले. अमीनकडे त्या गेमच्या दोनच नव्या कॅसेटी उरल्या होत्या. उघडायला तो तयार नव्हता. रुपचंदभाऊ म्हणाले, "उघड, मी घेतो."

पहिलीत दोन मोठे आयसी निघाले. रुपचंदभाऊंनी नुसती मान हलवली. केसरने दुसरीचे स्क्रू काढले. आत हिरवी पट्टी आणि एकच लांबट आयसी.

"ही तर तिसरीच तऱ्हा," अमीन म्हणाला.

"तिसरी असू दे. डांबर कुठंय?"

केसरने दुकानभर नजर फिरवली. काउंटरवरच्या टीव्हीवर अमीन गिऱ्हाइकांना गेम चालवून दाखवायचा. टीव्हीखालच्या मशीनमध्ये त्याच गेमची कॅसेट होती.

"अमीनभाई, ती द्या."

"तिला नाही हात लावायचा. ती बिघडली तर दाखवू काय?"

"बिघडली तर मीच नीट करून देईन."

त्याने रुपचंदभाऊंकडे पाहिलं, मग चाचांकडे. चाचा हळूच म्हणाले, "दे बाबा." अमीनने मशीन बंद केलं. केसरने एकेक स्क्रू काढून तळहातावर ठेवला आणि झाकण उचललं. आत बोटभर पट्टी होती आणि तिच्यावर काळा ठिपका.

रुपचंदभाऊंनी बरोबर आणलेली आपली आणि अमीनची, दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी धरल्या. पुष्कळ वेळ उलटसुलट करून पाहिल्या. मग मुठीतला आयसी केसरच्या हातावर ठेवला.

"बिघाड काय आहे मग?" त्यांनी विचारलं. माफीबिफी काही नाही.

दुकानात परतून तिने भिंग लावलं. पट्टीच्या कडेला केसाएवढी एक रेघ तुटली होती. तिच्यावर तारेचा तुकडा जोडला, टोकं पुसली आणि कॅसेट लावली. गेम सुरू झाला. रुपचंदभाऊ कॅसेट घेऊन गेले. पायरीवरून वळून म्हणाले, "ताई, दुसरीही कधी बिघडली तर आणून देतो. तुम्हीच बघा."

संध्याकाळी आवरताना चाचा जवळ आले. "बेटा, गिऱ्हाईक शांत व्हावं म्हणून बोललो मी."

"त्यांनी मला आजच पाहिलं, चाचा. तुम्ही दोन वर्षं बघताय."

चाचा शटर ओढायला गेले. 

दुसऱ्या दिवसापासून कोणी कॅसेट घेऊन आलं की चाचा त्याला स्टूल द्यायचे आणि म्हणायचे, "बसा. केसर तुमच्यासमोरच उघडेल, आत काय आहे ते बघून जा." केसर दिवाळीपर्यंत तिथे राहिली. मग भडगावला तिने स्वतःचं दुकान टाकलं. पहिल्या दिवशी चाचा एसटीने आले, आपलं जुनं भिंग तिच्या टेबलावर ठेवलं आणि चहा पिऊन दुपारच्या गाडीने परत गेले.