शिंपल्याचं बटण

आमची आई शिवणकाम करायची आणि तिचा विश्वास एकाच गोष्टीवर होता, गळ्यातल्या टेपवर. डॉक्टर चुकेल, टेप चुकायचा नाही, असं ती गिऱ्हाइकांना ठणकावून सांगायची. दर वाढदिवसाला आम्हा दोघी बहिणींना दुकानात उभं करून ती मापं घ्यायची आणि जाड वहीत लिहायची. माप कमी भरलं की बक्षीस म्हणून बरणीतलं एक शिंपल्याचं बटण मिळायचं. धाकटीची डबी बटणांनी भरून गेली. मला जन्मात एक मिळालं नाही.

धाकटी काडी आणि मी पिंप. गिऱ्हाइकं हसायची, आई हसायची, मीही हसायचे. रडून सांगणार कोणाला? काडीनं तूप ओरपलं तरी चालायचं, माझ्या ताटावर मात्र पहारा. चाळिशीला आले तरी आईचा पहारा उठला नाही.

काडीच्या कमरेचं माप लग्नानंतरही तेच राहिलं, आणि दंड तर दरवर्षी बारीक होत गेला. साडेदहा, दहा, सव्वानऊ. हातावरच्या शिरा दोरीसारख्या दिसायच्या. "बघा, लेकुरवाळी असून कशी राहिलीय!" आई म्हणायची आणि बाही आत घ्यायची. काडीला सारखी तहान लागायची, दुपारी गळून जायची. "नाजूक आहे ती," एवढ्यावर विषय संपायचा.

दोन वर्षांपूर्वी पेठेतल्या दवाखान्यानं दुकानदारांच्या घरच्यांसाठी रक्ततपासणी ठेवली. चिठ्ठी दोघींच्या नावानं आली होती. आईनं मला पाठवलं. "काडीला कशाला सुया टोचायच्या? काय आहे तिच्या अंगावर?" माझं सगळं ठीक निघालं. साखर ठीक, चरबी ठीक, यकृत ठीक. आईचा विश्वास बसेना. तिनं मला परत पाठवलं, मग दुसऱ्या प्रयोगशाळेत तिसऱ्यांदा. तिथला माणूस म्हणाला, "बाई, तुम्हाला आजार हवाच आहे का?" मला नको होता. आईला हवा होता, माझ्यात.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी काडी पोट धरून कोसळली. इस्पितळात तिचं रक्त काढलं, तर थोड्या वेळानं नळीत वर दुधासारखा पांढरा थर जमला. तो थर मी डोळ्यांनी पाहिला.

डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बाहेर बसवून सांगितलं. काहींच्या शरीराला कातडीखाली चरबी साठवताच येत नाही. मग ती रक्तात राहते, यकृतात, स्वादुपिंडात जाऊन बसते. माणूस बाहेरून काटक दिसतो आणि आतून पोखरला जातो. हे आईबापांकडून येतं. "तुमच्या घरात असं बारीक, शिरा दिसणारं कोणी होतं?"

बाबा होते. सेहेचाळिसाव्या वर्षी हृदय बंद पडून गेले. कष्टानं झिजले, असं आम्ही सगळ्यांना सांगायचो.

"मोठ्या मुलीकडे हा दोष आलेला दिसत नाही," बाई आईला म्हणाल्या. "लठ्ठपणा चांगला असं मी म्हणत नाही. पण हिची चरबी जिथं असायला हवी तिथं आहे." मग माझ्याकडे वळल्या. "धाकटीला मूल आहे? दोनात एक शक्यता आहे. लवकर कळलं तर पुष्कळ करता येतं."

काडी चौथ्या दिवशी गेली.

मी वही काढून बसले. बाबांचं पान मागे होतं. दंड बारा, साडेअकरा, पावणेअकरा. शेजारी आईच्या सुबक अक्षरात 'बाही आत घेतली.' मी वही तिच्यापुढे आपटली. तिनं ती मिटून ठेवली आणि म्हणाली, "काडीच्या पोरीच्या मागे हे तपासणीचं लचांड लावू नकोस. चांगली धडधाकट आहे ती." माझ्या तोंडून जे निघालं ते मी इथं लिहीत नाही. सख्ख्या आईला कोणी बोलू नये असं बोलले, आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही.

भाची बारा वर्षांची. काल शाळेच्या गणवेशाचं माप द्यायला ती दुकानात आली. आईनं टेप तिच्या दंडाभोवती फिरवला आणि सवयीनं मोठ्यानं बोलली, "आठ. गेल्या वर्षीपेक्षा अर्धा इंच कमी."

बोलून झालं आणि तिचा हात तिथंच थांबला. पेन्सिल कानावरून खाली येईना.

आकडा मी लिहिला. पोरीला म्हटलं, "उद्या सकाळी काही खाऊ नकोस. रक्त द्यायला जायचंय." मी आईकडे बघत राहिले. या वेळी ती नाही म्हणाली नाही.

पोर मात्र खुशीत होती. तिनं आजीपुढे तळहात पसरला.

"आजी, माझं बटण?"