दाणा दाणा मोकळा

लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकली तेव्हा दुपारचा सव्वा वाजला होता, आणि आत एकट्या चष्मेवाल्या बाई होत्या. तळमजल्यावरचं चष्म्याचं दुकान त्यांचं. चौथ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरला त्याचा दुरुस्त केलेला चष्मा द्यायचा आणि तसंच घरी जेवायला जायचं, असा त्यांचा बेत होता. लिफ्टबरोबर तो बेतही मध्येच लटकला.

वीस मिनिटांत लिफ्टचा मेकॅनिक हजर झाला. शेहेचाळीस वर्षांचा, उंचाडा, बिनलग्नाचा माणूस. कामावर त्याला सगळे ‘पाना’ म्हणत, कारण खिशात रुमाल नसला तरी पाना असायचाच. त्याने चौथ्या मजल्यावरचं दार किल्लीने उघडलं, फरशीवर पालथा पडला आणि वीतभर फटीतून खाली डोकावला. त्याला एक सरळ भांग दिसला आणि केसांवर सरकवलेला चष्मा.

“घाबरू नका बाई. लिफ्ट हाताने खाली घ्यावी लागेल, पण त्याला दोघं लागतात, एक वर चाकाशी, एक खाली दाराशी. माझा जोडीदार निघालाय.”

“किती वेळ लागेल?”

“पंधरा मिनिटं.”

“खरं सांगा.”

“पाऊण तास.”

खालून एक लांब श्वास ऐकू आला. “मग बोलत राहा. काहीही बोला. तुम्ही गप्प बसलात की मला वरचा दोर तुटताना दिसतो.”

पान्याला बोलायची सवय नव्हती. घरी ते खातं त्याच्या ताईकडे होतं. त्याने आपल्या परीने सुरुवात केली. “दोर एक नसतो बाई, पाच असतात. चार तुटले तरी पाचवा धरतो.”

“म्हणजे चार तुटतात?”

“नाही नाही. जेवलात का?”

“जेवायलाच तर चालले होते!” बाईंचा आवाज एकदम जिवंत झाला. “आत्ता या क्षणी मला बाकी काही नको. गरम, पांढरा भात हवा. पण तोही नशिबात नाही. आमच्या घरी भात म्हणजे खळ. माझ्या हातालाच येत नाही. त्याने भिंतीवर जाहिराती चिकटवाव्यात.”

आणि इथे पान्याच्या तोंडून जे निघालं ते कुठून निघालं, हे त्याला पुढे कितीतरी दिवस कळलं नाही.

“भात ना? भात खावा माझ्या हातचा. दाणा दाणा मोकळा. एक शीत दुसऱ्या शिताला ओळखसुद्धा दाखवत नाही.”

“अय्या! काय करता हो असं?”

“काही नाही, दीड तास उकळायचा. मंद आचेवर.”

खालून एक बारीक खोकला आला. मग बाई म्हणाल्या, “रविवारी दुपारी आमच्याकडे या. मला आणि बाबांना करून दाखवा.”

जोडीदार आला, गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत त्याने चाक फिरवलं, लिफ्ट इंच इंच करत तिसऱ्या मजल्यावर उतरली. पाना जिना तीन-तीन पायऱ्यांनी उतरून दारापाशी आधीच उभा होता. बाई बाहेर आल्या. ठेंगण्याशा, त्याच्याच वयाच्या. त्यांनी केसांवरचा चष्मा नाकावर घेतला आणि गिऱ्हाइकाला फ्रेम शोभते का ते पाहावं, तसं त्याला एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून पाहिलं.

“रविवार. साडेबारा,” त्या म्हणाल्या.

पान्याने मान हलवली. त्याच्या कानशिलात बँड वाजत होता. त्याने आयुष्यात भात कधी केला नव्हता. तांदूळ डब्यात असतो आणि भात ताटात असतो, या दोघांच्या मधल्या प्रवासाशी त्याचा काही संबंध आला नव्हता.

घरी ताई होती. त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं फोन जोडून निवृत्त झालेली.

“ताई, भात कसा करतात गं?”

“कुणासाठी?” ताईने विचारलं. कोण कुणाला लावतंय, हे तिला पहिल्या वाक्यात कळायचं.

त्याने सगळं सांगितलं. दीड तासापर्यंत आला तेव्हा ताईने फ्रिजचा आधार घेतला. ती इतकी हसली की फ्रिजवरचं घड्याळ खाली पडलं.

“म्हणजे बोलाचाच भात की रे! हे बघ, शब्द तू दिलायस, शिजवायचाही तूच. मी इथे खुर्ची टाकून बसते. पण डावाला हात लावायची नाही.”

बुधवारी पहिला भात झाला. तांदळाच्या दुप्पट पाणी, असं ताईने सांगितलं होतं. पान्याने तिप्पट घातलं. पाच माणसांच्या लिफ्टला पन्नास माणसांचा दोर लावायचा, ही त्याची शिकवण. कमी पडायला नको. अर्ध्या तासाने त्याने पातेल्यात डाव उभा केला, तर डाव उभाच राहिला.

“ही खळ,” ताई म्हणाली. “बाईंच्या घरी आहे ती.”

गुरुवारी पाणी बरोबर घेतलं, पण त्याने झाकण अकरा वेळा उघडलं. ताईने मोजलं.

“काय बघतोस सारखा?”

“चाललंय ना ते बघतो.”

“तुझ्यावाचून चाललंय. तू बघितलंस की थांबतंय.”

खाली कोळसा, वर खडे, आणि मध्ये थोडासा भात असा थर लागला. दोघांनी मधला थर खाल्ला आणि मग पाव आणला.

शुक्रवारी मात्र कहर झाला. सराव मोठा करावा म्हणून पान्याने तांदूळ मगाने घेतले. चार मग. तांदूळ फुगतो ही गोष्ट त्याला कुणी सांगितली नव्हती. झाकण आपणहून वर उठायला लागलं. त्याने ते दाबून धरलं. ते बाजूने वर आलं.

“ताई! हा येतोय!”

“दुसरं पातेलं घे!”

दुसरं भरलं, तिसरं भरलं, कढई भरली. ताईने खुर्ची सोडली नाही, फक्त पाय वर घेतले. शेवटी पान्याने जिन्याचं दार उघडलं आणि हाक दिली. असतील शितं तर जमतील भुतं म्हणतात ते काही खोटं नाही. समोरचं जोडपं तीन मुलांसकट आलं, वरच्या मजल्यावरचे ट्रम्पेटवाले काका आले, पत्रं टाकायला आलेला पोस्टमन पिशवीसकट आला. शेजारी घरातून वाटीत काहीबाही घेऊन आले, आणि नऊ जणांनी जिन्यात बसून भात खाल्ला.

“चव बरी आहे,” ट्रम्पेटवाले काका घास गिळून म्हणाले. “फक्त हा चावायचा की प्यायचा तेवढं सांग.”

शनिवारी ताईने त्याला समोर बसवलं. “आता तोंड बंद, कान उघडे. तांदूळ दीड वाटी. तीन पाण्यांनी धुवायचा, पण हलक्या हाताने. नट घासतोस तसा घासू नकोस, दाणा मोडतो. मग अर्धा तास भिजत ठेवायचा. तेवढा वेळ स्वयंपाकघरात यायचं नाही. पाणी पूर्ण निथळायचं. वेगळं मापून आधण ठेवायचं. हा तांदूळ जुना आहे म्हणून दुप्पट. नवा असता तर कमी. उकळी आली की तांदूळ आणि मीठ घाल, एकदाच ढवळ. पाणी आटून वर भोकं पडली की आच बारीक, झाकण घट्ट. दहा मिनिटं. मग गॅस बंद, आणि आणखी दहा मिनिटं...”

“काय करायचं?”

“काही नाही करायचं. तेच तुला जड जाणार आहे.”

जडच गेलं. त्या दहा मिनिटांत पाना स्वयंपाकघराभोवती सतरा फेऱ्या मारून आला. पण झाकण काढलं तेव्हा आतून वाफेचा एक गोल ढग वर गेला आणि खाली भात दिसला. खरोखरचा भात. पान्याने डावाच्या कडेने एका बाजूने अलगद मोकळा केला. ताईने एक घास खाल्ला, डोळे मिटले.

“ठीक,” ती म्हणाली.

तिने ‘ठीक’ म्हटलेल्या गोष्टी सबंध आयुष्यात चारदोनच होत्या. पान्याने तिला खुर्चीसकट उचललं आणि ती “अरे मेल्या, कंबर!” असं ओरडत असताना दोन गिरक्या घेतल्या.

“उद्या अडलं तर फोन करू ना?” त्याने विचारलं.

“अजिबात नाही. तीस वर्षं दुसऱ्यांची लग्नं फोनवर जुळवून दिली. तुझं तू बघ.”

“लग्नाचं कोण बोललं?”

“मी काही बोलले का?” ताई म्हणाली.

रविवारी साडेबाराला पाना इस्त्रीचा शर्ट घालून, तांदळाची पुडी घेऊन बाईंच्या दारात उभा होता. दार बाबांनी उघडलं. वय ऐंशी, दुकान त्यांनीच सुरू केलेलं. गळ्यात दोरीला भिंग.

“दीड तास उकळणारे ते तुम्हीच का?” त्यांनी भिंगातून त्याच्याकडे बघत विचारलं.

स्वयंपाकघर अनोळखी, शेगडी अनोळखी. पातेलं पातळ, आणि त्याला झाकणच नव्हतं. “ते मागच्या वर्षी हरवलं,” बाई म्हणाल्या. पान्याने रिकामं पातेलं दोनदा उलटसुलट करून पाहिलं. मग त्याच्यातला मेकॅनिक जागा झाला. त्याने पातेल्याखाली तवा सरकवला, म्हणजे आच थेट लागणार नाही. वर स्टीलचं ताट पालथं घातलं आणि ताटावर पाण्याने भरलेला तांब्या ठेवला. दाबून पाहिलं. कुठूनही वाफ निसटत नव्हती.

दहा मिनिटं झाली. त्याने गॅस बंद केला. बाईंचा हात लगेच ताटाकडे गेला.

“नाही बाई.”

“एकदाच बघते.”

“वाफ गेली की संपलं. उरलेलं काम तीच करते.” त्याने दोन्ही हात तांब्याभोवती धरले. बाहेरच्या खोलीतून बाबा दर दोन मिनिटांनी “झालं का?” विचारत होते. आत दोघं पातेल्याच्या दोन बाजूंना उभे. करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून पान्याने खरं सांगून टाकलं.

“मंगळवारपर्यंत मी भात कधी केला नव्हता.”

“माहीत आहे.”

“कसं?”

“अहो, दीड तासात तांदूळ काय, पातेलंसुद्धा विरघळेल!”

“मग बोलावलंत कशाला?”

बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. “त्या दिवशी किती लोक जिन्याने गेले. सगळ्यांनी विचारलं, लिफ्ट कधी चालू होणार. तुम्ही एकटे पाऊण तास फरशीवर पालथे पडून तोंडाला येईल ते बोलत होतात. थांबला नाहीत. म्हटलं, हा माणूस रविवारी येतो की आजारी पडतो ते बघू.” मग चष्मा परत लावून त्या म्हणाल्या, “चार दिवसांत शिकलात?”

“ताईने शिकवला. तीन पातेली वाया गेली.”

“माझ्यासाठी?”

पान्याच्या कानांचा रंग बदलला. “झालं का?” बाबा बाहेरून ओरडले, आणि नेमकं झालं होतं.

ताट उचललं. वाफ वर गेली, बाईंच्या चष्म्यावर बसली, त्यांना काही दिसेना. “कसा झालाय? सांगा ना, कसा झालाय?” त्या टाचा उंचावून विचारत राहिल्या. पाना पातेल्यात वाकून बघत राहिला. भात उभा होता. एकेक दाणा वेगळा.

शितावरून भाताची परीक्षा बाबांनी अगदी रीतसर केली. चष्म्याच्या पेटीतलं काळं कापड टेबलावर अंथरलं, त्यावर एक शीत ठेवलं, भिंग लावलं.

“टोकं शाबूत,” ते म्हणाले. “फुगलाय, फुटलेला नाही. दुसरं दाखवा.”

तिसऱ्या शिताला त्यांनी भिंग बाजूला ठेवलं आणि ताट पुढे ओढलं. ताटात पांढराशुभ्र भात होता. भाताशेजारी काहीही नव्हतं.

“बरोबर काय आहे?” बाबांनी विचारलं.

बाईंनी पान्याकडे पाहिलं. पान्याने बाईंकडे पाहिलं. चार दिवस त्याच्या डोक्यात भाताशिवाय दुसरं काही शिरलं नव्हतं, आणि बाकीचं तोच आणेल असं बाईंनी धरलं होतं. आधी बाईंच्या नाकातून एक फुस्स असा आवाज आला. मग पान्याच्या. मग दोघं टेबलाला धरून असे हसत सुटले की बाबांना स्वतः उठून लोणी, मीठ आणि लिंबू शोधावं लागलं.

तेवढ्यावर तिघांनी पातेलं चाटूनपुसून साफ केलं. बाबांनी ताट पुन्हा पुढे केलं. काही उरलं नव्हतं.

“मग आणखी करा,” ते म्हणाले.

या वेळी बाईंनी केला. पाना खुर्ची टाकून बसला, आणि तांदळाच्या धुण्यापासून भोकं पडण्यापर्यंत एकेक पायरी सांगत गेला. शेवटच्या दहा मिनिटांना बाई दोन्ही हात पाठीमागे बांधून, ओठ आवळून उभ्या राहिल्या. ताट उचललं आणि त्यांनी अशी उडी मारली की चष्मा बेसिनमध्ये पडला.

“बाबा! मोकळा! माझ्या हातचा मोकळा झालाय!”

पण बाबा तोवर खुर्चीतच घोरायला लागले होते. ते दुसरं पातेलं दोघांनी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या, एकेक चमचा घेऊन संपवलं.

निघताना बाई दारात म्हणाल्या, “पुढच्या रविवारी ताईंना घेऊन या.”

“ती विचारेल, कशाला?”

“सांगा, भात मी करणार आहे. आणि बरोबर काहीतरीही करणार आहे.”

पाना खाली उतरला. रस्त्यावर ऊन होतं, पोटात दोन पातेल्यांचा भात होता, आणि पाय जमिनीला लागत होते की नाही हे त्याला नक्की सांगता आलं नसतं. बस थांबा डावीकडे होता, तो उजवीकडे चालू लागला. गल्लीच्या टोकाला एक भिंत होती. तो थेट भिंतीपर्यंत गेला आणि तिच्यासमोर उभा राहिला.

“अहो, तिकडे रस्ता नाहीये!” बाई वरच्या गॅलरीतून ओरडल्या.

“नाहीये ना! छान भिंत आहे!” पाना तिथूनच ओरडला, आणि दोन्ही हात हलवत परत फिरला.