मोरोपंत मास्तरांच्या भिंतीवरची स्टिक

मी हॉकीची स्टिक बोलतेय. अमरावतीच्या एका कॉलेजात मोरोपंत मास्तर हॉकी शिकवतात. त्यांच्या खोलीत मला भिंतीवर टांगलंय. लोक मला हात जोडतात आणि मला त्याचा संताप येतो.

माझा जन्म सियालकोटचा, लाकूड तुतीचं. आगगाडीनं बडनेऱ्याला उतरले आणि देवीदासच्या हाती पडले. देवीदास जवळच्या भातकुली गावचा, याच कॉलेजच्या संघातला. मुरमाच्या मैदानावर तो असा चेंडू न्यायचा की समोरचा गडी नुसता बघत राही. मलाही थोडा गर्व चढला होता, खोटं कशाला बोलू?

मास्तर तेव्हा नवे होते. मध्यप्रांत-वऱ्हाडातल्या कॉलेजांच्या हॉकी स्पर्धेची विजेत्यांची ढाल दरवर्षी नागपूरला जायची, ती त्यांना अमरावतीला आणायची होती. अंतिम सामना अकोल्याला होता. त्याच सकाळी देवीदासचा गुडघा टम्म सुजला.

"मास्तर, मले बसू द्या. पाय टेकवल्या नाही जात," तो म्हणाला.

"तुह्याबिना ढाल येते का रे? एकच सामना खेळ, मंग महिनाभर झोप!" मास्तरांनी गुडघ्याला फडकं करकचून बांधलं. पोरगा रडत होता. मी त्याच्या हातातच होते.

ढाल आली. ताशे वाजले, मास्तरांची मिरवणूक निघाली. देवीदासला टांग्यात घालून भातकुलीला पोचवलं. त्याचा पाय पुन्हा कधी सरळ झाला नाही. मला मात्र मास्तरांनी आठवण म्हणून मागून घेतलं. पुढे त्यांनी आणखी ढाली आणल्या, वर्तमानपत्रांत फोटो आले. जिंकणाऱ्या माणसाला कोणी काही विचारत नाही.

दर खंडेनवमीला मास्तर साऱ्या स्टिका मांडून पूजा करतात. पहिलं हळदकुंकू मला. मग पोरांना ठरलेली गोष्ट सांगतात: "देवीदास म्हणाला, पाय तुटला तरी चालते मास्तर, पण मले खेळू द्या!" पोरांचे डोळे भरून येतात. साफ खोटं आहे ते!

काल खंडेनवमी होती. गोष्ट सांगून झाली तोच देवीदास लंगडत आत आला. त्याचा धाकटा भाऊ चंद्रभान यंदा संघात आहे. चंद्रभानचा घोटा सुजलाय, आणि दसरा झाला की अकोल्याला सामना.

"चंद्रभान, घरी चाल," तो म्हणाला. "मी असं कदीच म्हटलं नव्हतं. मी तं मले बसू द्या म्हणत होतो. मास्तरायनं खेळवलं मले."

मास्तर खाली बघून झेंडूची फुलं सारखी करत राहिले.

चंद्रभान रागानं लाल झाला. "दादा, असं बोलून राहिला तू? लाज नाही वाटत? तुही गोष्ट आयकूनच तं मी हॉकी शिकलो!" त्यानं मला उचलून कपाळाला लावलं. "मास्तर, मी खेळतो. याच स्टिकनं."

मास्तरांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. देवीदास तसाच लंगडत निघून गेला.

उद्या सकाळी आम्ही अकोल्याला निघतोय. तुमच्यापैकी कोणी बडनेऱ्याच्या फलाटावर असाल, तर त्या पोराच्या हातून मला हिसकावून घ्या आणि चुलीत घाला. तो रडेल, तुम्हाला शिव्या देईल. देऊ द्या.