एक टोला म्हणजे थांब

मी घंटा बोलतेय. चर्चच्या मनोऱ्यातली नव्हे. त्या मनोऱ्यातल्या बाया मोठ्या नशिबाच्या. त्यांचं बारसं होतं, पाद्री पाणी शिंपडतो, गाव फुलं वाहतं. माझं बारसं कुणी केलं नाही. मी फ्रान्सच्या उत्तरेकडच्या एका कोळशाच्या खाणीच्या तोंडाशी टांगलेली काशाची घंटा. काम एकच होतं, आणि ते मी कधी चुकवलं नाही.

माणसांना जमिनीच्या पोटात नेणारा लोखंडी पिंजरा माझ्या टोल्यांवर चालायचा. दोन टोले पडले की खाली, तीन पडले की वर. एक टोला म्हणजे थांब. तो कानावर आला की इंजिनावरचा माणूस तोंडातला घाससुद्धा न गिळता दांडा ओढायचा. एकदा एकाने तो ऐकला नाही. त्या दिवशी काय वर आलं ते आमच्या गावात अजून कुणी मोठ्याने बोलत नाही.

पुढे विजेचे दिवे आले, विजेच्या खुणा आल्या आणि मी भंगारात गेले. माझ्यापाशी उभं राहून आयुष्य काढलेल्या माणसाला ते बघवलं नाही. त्याने मला घरी आणलं, लोहाराकडून लाकडी मूठ बसवून घेतली, आणि लवकरच छातीत धूळ साठून स्वतःही गेला. त्याची बायको लेओकादी. गावातला कॉफी-बिअरचा लहानसा गुत्ता तीच चालवते. मला तिने कॉफीच्या गिरणीशेजारी फळीवर ठेवलं आणि रोज फडक्याने पुसलं. नवऱ्याला तिने जन्मात इतकं पुसलं नसेल.

आमच्याकडे जत्रेच्या रविवारी गाण्याची स्पर्धा लागते. कुणीही उठावं, मंचावर चढावं. सूर घसरला की लोक "आकडा! आकडा!" ओरडतात. जुन्या काळी म्हणे खरोखरच काठीला लावलेल्या लोखंडी आकड्याने मानगूट धरून खाली ओढत. आता आकड्याच्या जागी घंटा वाजते, आणि त्या कामाला मीच लागले. वाजवायची लेओकादी. तिच्या हाताबद्दल गावात वाद नव्हता. ती महापौराच्या सुनेलाही दुसऱ्या ओळीला खाली बसवायची. गाणारा कितीही रंगात असो, माझा एक टोला पडला की तोंड मिटून उतरायचा. खाणीतली माणसं ती. थांब म्हटल्यावर थांबायचं, हे त्यांच्या रक्तात होतं.

जिस्लेन ही लेओकादीच्या बहिणीची मुलगी. बाप खोकून खोकून गेला, आई त्याच्यामागे फार दिवस टिकली नाही. पोर मावशीकडे वाढली. पंधराव्या वर्षी ती गुत्त्यात बटाटे तळायची आणि कढईच्या चुरचुरीवर रेडिओवरची पॅरिसची गाणी म्हणायची. आवाज खालच्या पट्टीत जाड, उबदार. वर गेला की मधोमध चिरायचा. चिरायचा, पण तुटायचा नाही. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा.

"वर जाऊ नकोस," मावशी सांगायची. "तुझा गळा तुझ्या आईवर गेलाय. तिचाही वर फुटायचा."

"आई गायची?"

"ओरडायची. बटाटे जळतायत बघ."

त्या सालच्या जत्रेत ही पोर न सांगता मंचावर चढली. लेओकादीने मला हातात धरलं होतं. तिची बोटं मुठीवर घट्ट झालेली मला कळली. पोर गाऊ लागली, लोक पाय आपटून ताल धरू लागले. शेवटच्या कडव्यात ती वर गेली आणि आवाज चिरला. खरं तर एकही माणूस "आकडा" म्हणाला नाही. पण लेओकादीने कधी कुणाची गय केली नव्हती, मग घरच्या पोरीची कशी करणार? तिने टोला दिला.

जिस्लेन थांबली नाही.

तो क्षण मी विसरलेले नाही. पाय थांबले. कुणी तोंडातली सिगारेट काढली, कुणी टोपी. देझिरे म्हातारा, जो जन्मभर पिंजऱ्यातून खालीवर झाला होता, उठून उभा राहिला. "अगं पोरी, घंटा झाली!" पोर गातच राहिली. गाणं पुरं केलं, मान लववली. टाळी एकाचीही पडली नाही.

"खाणीत असतीस तर आज आम्ही तुला पोत्यात भरून वर आणली असती," देझिरे म्हणाला. तो रागावला नव्हता, घाबरला होता.

मागून मात्र एकट्याच्या टाळ्या आल्या. ब्रेझाक नावाचा पॅरिसचा माणूस, गाणारी पोरं हेरून त्यांच्या तबकड्या काढणारा. अंगात उंटाच्या रंगाचा कोट, बुटांना आमच्या गावचा चिखल.

"घंटा ऐकू नाही आली का गं?" त्याने विचारलं.

"आली."

"मग?"

"गाणं संपलं नव्हतं."

ब्रेझाक हसला. तो दुसऱ्या दिवशी गुत्त्यात येऊन बसला. लेओकादीने त्याच्यापुढे कॉफीचा कप आपटला. "साहेब, मी गाणं शिकलेली नाही. पण दुधाला कधी ऊत येणार ते मला भांडं न बघता कळतं. या पोरीचा गळा फुटणार."

"फुटतो म्हणूनच हवाय, बाई. गुळगुळीत गळे पॅरिसात पायलीचे पन्नास."

"आणि पुरता फुटला की?"

"बाई, ती पंधरा वर्षांची आहे. या वयात काय फुटतंय!"

पोर ऐकत होती. तिने बटाट्याची कढई उतरवली, एप्रन काढला, घडी केली, टेबलावर ठेवला. लेओकादीने त्या घडीकडे बघितलं आणि ब्रेझाकच्या करारावर सही केली. ब्रेझाकने जाता जाता मलाही मागितलं. ती घंटेला न जुमानणारी पोर, आणि ही तिची घंटा. लोकांना असली गोष्ट आवडते म्हणे. लेओकादीने मला पोरीच्या हातात कोंबलं.

"घेऊन जा. इथे ऐकली नाहीस, तिथे तरी ऐक."

पॅरिसात पहिल्या महिन्यात त्यांनी तिचे केस कापले, आडनाव कापलं, बोलण्यातला गावाकडचा हेल घासून घासून काढला. एक बाई तिला हसायला शिकवायची. माणसाला हसायला शिकवणारी बाई मी तिथेच पाहिली. पहिली तबकडी निघाली; तिच्या सुरुवातीला माझा एक टोला होता आणि त्याच्या पाठोपाठ तिचं हसू. त्या वर्षी देशभर पोरंपोरी ती तबकडी लावून नाचत होती.

कार्यक्रमाची रीतही ठरून गेली. जिस्लेन गायला लागली की ढोलवाला मला एक टोला द्यायचा. ती कमरेवर हात ठेवून मान हलवायची, "नाही!" आणि पुन्हा गायला लागायची. लोक वेडे व्हायचे. दाराशी पत्र्याच्या बारक्या घंट्या विकायला ठेवल्या; लोक त्या किणकिणवत आत शिरायचे. ज्या टोल्याने जिवंत माणसं जिवंत राहिली त्याचा खुळखुळा झाला. मी काशाची आहे, मला लाज वाटत नाही असं तुम्हाला वाटत असेल. वाटते.

पोर मात्र सुखात होती, खोटं कशाला बोलू. ती रोज मला तिच्या मोज्यांच्या पेटीत ठेवायची आणि झाकण लावताना म्हणायची, "मावशी, हरलीस."

दोन वर्षं अशी गेली. आज एक गाव, उद्या दुसरं. गाडीत झोप, गार झालेलं मांस, खिडकीतून सह्या. सकाळी आवाज उठेनासा झाला. आधी मध, मग वाफ, मग सुया. शेवटी एका डॉक्टरने घशात आरसा घालून पाहिलं. स्वरयंत्रावर गाठी होत्या.

"दोन महिने तोंड बंद," तो म्हणाला. "कुजबुजसुद्धा नको. आत्ता थांबलीस तर आवाज राहील."

ब्रेझाक बाहेर येऊन म्हणाला, "डॉक्टर लोक असंच बोलतात. उन्हाळा काढू, मग हवी तेवढी गप्प बस. तुझी इच्छा नसेल तर राहिलं, मी जबरदस्ती करणारा माणूस नव्हे."

हे असं बोलणारी माणसं मला ओळखता येतात. खाणीचा मुकादमही असंच बोलायचा.

"मी थांबले तर मला ओळखणार कोण?" जिस्लेन घोगऱ्या आवाजात म्हणाली. "न थांबणारी म्हणूनच तर येतात लोक."

ऑगस्टात समुद्रकाठच्या एका गावी मोठा कार्यक्रम होता. आमचं गाव तिथून फार लांब नाही. बस भरून मंडळी आली. पुढच्या बाकावर लेओकादी, शेजारी देझिरे. कार्यक्रमाआधी लेओकादी तंबूत शिरली. पोर आरशापुढे बसली होती. मावशीला बघून उठली, मिठी मारली आणि खोकली. तिने तोंडावरचा टॉवेल पटकन मागे लपवला, पण म्हातारीची नजर पोचली.

"लाल काय आहे ते?"

"बीट खाल्लं," पोर पुटपुटली.

"बीट? तू? बीट दिसलं की टेबलाखाली जाऊन बसायचीस." लेओकादीने टॉवेल ओढून घेतला, बघितला आणि तशीच ब्रेझाककडे गेली. "आजचं बंद करा."

"बाई, बाहेरची गर्दी बघितलीत का?"

"बघितली. तिच्या घशात कोण बघतंय?"

"उद्यापासून विश्रांती. शब्द देतो."

"उद्या काय उरलंय ते मला कळवा," लेओकादी म्हणाली. पोर मधे पडली. तिने मावशीचा हात दाबला, एक बोट वर केलं. एकच दिवस. आणि ती बाहेर उजेडात गेली.

ढोलवाल्याने नेहमीसारखा मला टोला दिला. पोरीने "नाही" म्हणून मान हलवली, हजारो घंट्या किणकिणल्या. तिसऱ्या गाण्याला लेओकादी उठून पडद्याच्या कडेला आली होती. तिला काय ऐकू आलं कुणास ठाऊक. मला तर नुसता ढोल ऐकू येत होता. पण दुधाला ऊत यायच्या आधी जशी ती चुलीकडे धावते, तशी धावत ती मंचावर आली, ढोलवाल्यापुढून मला उचललं आणि टोला दिला.

खरा टोला. खाणीच्या तोंडाशी तिचा नवरा द्यायचा, तसा. किती वर्षांनी माझा आवाज माझा म्हणून निघाला!

गर्दीत आमच्या गावची माणसं तेवढी जागच्या जागी उभी राहिली. देझिरेने टोपी काढली. बाकीच्या हजारोंना वाटलं, आज नवी गंमत आहे, म्हातारीला आणलंय. त्यांनी आनंदाने पत्र्याच्या घंट्या उंच धरून माझ्यावर वाजवल्या. लेओकादी टोल्यावर टोला देत राहिली. "थांब, बाळा! थांब!" तिची हाक त्या किणकिणाटात तिच्या ओठांवरच राहिली.

जिस्लेनने मागे वळून पाहिलं. टोला कुणाचा, हे तिने ओळखलं होतं, यात मला शंका नाही. ती मावशीकडे बघत राहिली. मान हलवली नाही, हसली नाही. आता थांबते असं मला वाटलं. तेवढ्यात पुढून लोकांनी तिच्या नावाचा गजर केला. तिने श्वास घेतला आणि ती वर गेली.

वर काही नव्हतं. तोंड उघडं होतं, गळ्याची शीर तटतटली होती, आवाज नव्हता.

आणि लोकांना ते कळलंच नाही हो! त्यांना वाटलं, तिने ती ओळ आम्हाला गायला सोडली. सगळ्यांनी मिळून ती ओळ गायली, हात उंचावून, हसत हसत. ती मधे उभी होती, तोंड तसंच उघडं. लेओकादीने मला खाली टाकलं आणि तिला धरलं. मंचावर पडताना मला चीर गेली.

पुढचं सांगण्यासारखं थोडं आहे. गळा कापला, शिवला. ब्रेझाकने फुलं पाठवली. हिवाळ्यात जुन्या फितीवरून एक तबकडी काढली, ती खपलीही. आता त्याच्याकडे दुसरी एक पोर आहे.

जिस्लेन मावशीकडे परत आली. बावीस वर्षांची आहे. बोलते ते कोरडं पान फरशीवर सरकावं तसं. गुत्त्यात पेले पुसते. मी पुन्हा फळीवर आहे, पण माझ्यातून आता थाड्ड असा बद्द आवाज निघतो. जत्रेच्या स्पर्धेसाठी मंडळी मला न्यायला आली होती. "दुसरी बघा," लेओकादी म्हणाली. "आणि वाजवणारीही दुसरी बघा."

लोक मात्र येतात. लांबून येतात. बिअर घेतात, तिच्याकडे चोरून बघतात, मग एखादा धीर करतो. "एक ओळ तरी म्हण ना. अगदी हळू." लेओकादी असल्यांना पळी दाखवून हाकलते.

मागच्या रविवारी एक नवरा-बायको आली. भली माणसं होती, तिला आनंद व्हावा म्हणूनच त्यांनी कोपऱ्यातल्या गाण्याच्या यंत्रात नाणं टाकलं. माझा जुना टोला वाजला, जिस्लेनचं जुनं हसू वाजलं, आणि तिचा पंधरा वर्षांचा आवाज गुत्ताभर झाला. लेओकादी तरातरा गेली आणि तिने भिंतीतली वायर धरली.

जिस्लेनने पेला खाली ठेवला, जाऊन मावशीचं मनगट धरलं.

"राहू दे मावशी," ती म्हणाली. ऐकायला सगळ्यांना श्वास रोखावा लागला. "तिला मधेच थांबवू नकोस."

लेओकादी हातात वायर धरून उभी राहिली. गाणं वर गेलं, चिरलं, तुटलं नाही, पुरं झालं. त्या भल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. जिस्लेनने पेला उचलला आणि पुन्हा पुसायला घेतला. तो केव्हाच कोरडा झाला होता.

माझं एवढंच. मी चिरलेली आहे, मला डाख लावून जोडा, घासून चकचकीत करा असलं काही मी मागत नाही. कधी इकडे उत्तरेला आलात, आमच्या दारात चिखलाचे बूट पुसून आत आलात, तर कॉफी मागा, बिअर मागा, तळलेले बटाटे मागा. ते आणून देणाऱ्या पोरीकडे गाणं मागू नका.