पाच नंबरचा पाय

बुटांच्या दुकानात त्याला सगळे मास्तर म्हणत. पट्टी न लावता, नुसत्या नजरेनं तो पायाचं माप सांगायचा आणि ते बरोबर निघायचं. त्या नजरेचं कौतुक ऐकून ऐकून त्याच्या बायकोचे कान किटले होते. पायांचं तर विचारूच नका.

ती इस्पितळाच्या लाँड्रीत होती. सकाळी सातपासून संध्याकाळी पाचपर्यंत सिमेंटच्या फरशीवर उभं राहून इस्त्रीच्या मशीनमध्ये ओल्या चादरी सारायच्या, हे काम. बसायला स्टूल नाही, कारण बसलं की हात मंदावतात, असा मॅनेजरबाईंचा शोध होता. त्या महिन्यात ती दोनदा उपड्या बादलीवर बसलेली सापडली. तिसऱ्यांदा दिसलात तर मग घरीच बसा, असं बाईंनी थंडपणे सांगितलं. ती नोकरी म्हणजे काही सिंहासन नव्हतं, पण तिची होती. तिचं एकटीचं म्हणावं असं दुसरं काहीच नव्हतं.

तिनं नवऱ्याला सांगितलं, दिवसभर उभं राहता येईल असे बूट हवेत, मी दुकानात येते, माप घ्या. तो हसला. बायकोच्या पायाला पट्टी लावावी लागली तर मग मास्तर कसला मी, म्हणाला. दुसऱ्या दिवशी जाड तळव्याचा जोडा घेऊन आला. पाच नंबर. लग्नात होता तोच, आणि दर वेळी आणायचा तोच. मधल्या एकोणीस वर्षांत दोन बाळंतपणं झाली, फरशीनं पावलं पसरून टाकली, पण मास्तरांची नजर काही लग्नाच्या फोटोतून बाहेर आली नव्हती. फोटोतला जोडा शोभून दिसायचा, पायातला चावत होता.

घट्ट होतायत, ती म्हणाली.

"वापरून सैल होतील."

हे वाक्य तिच्या चांगलंच ओळखीचं होतं. गिऱ्हाइकाचा नंबर शिल्लक नसला की हेच ठोकून द्यायचं, असं त्यानंच जेवताना कितीदा हसत हसत सांगितलं होतं. तेव्हा तीही हसली होती. आता ते तिलाच ठोकून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं कपड्यांच्या गाड्याआड बूट काढले आणि अनवाणीच चादरी सारल्या. नशीब, बाई तिकडे फिरकल्या नाहीत. असं रोज जमणार नव्हतं. सुटल्यावर ती तशीच, न सांगता दुकानात गेली.

नवरा एका बाईंसमोर गुडघे टेकून बसला होता आणि काय मायेनं बोलत होता! बूट नेहमी संध्याकाळी घ्यावेत ताई, दिवसभरात पाय सुजतात. दोन्ही पावलं सारखी नसतात, मोठ्याचं माप धरावं. बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा हवी. एवढ्या ज्ञानातलं थेंबभरही त्यानं घरी कधी सांडलं नव्हतं. तिला इतका राग आला की डोळे भरून आले.

दुकानात नवीन लागलेल्या मुलीला ही कोण, ते ठाऊक नव्हतं. मुलीनं तिचे दोन्ही पाय पट्टीवर ठेवून घेतले. डावा साडेसहा, उजवा सात.

"पाच नंबर कुणी दिला हो तुम्हाला?" मुलीनं खणखणीत आवाजात विचारलं.

दुकानातली सगळी डोकी वळली. मास्तरसमोरच्या बाईंनी कुतूहलानं विचारलं, ओळखीच्या आहेत का?

"नेहमीचं गिऱ्हाईक आहे," मास्तर म्हणाला.

उठावं आणि चालू लागावं, असं तिला वाटलं. पण तोवर मुलीनं सात नंबरचा डावा बूट चढवला होता. पाय फरशीला टेकला, आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा टाचेतून कळ आली नाही. ती बसून राहिली. उजवा पाय पुढे केला.

"मास्तर, हा तुम्ही घालून द्या."

सगळे बघत होते. तो आला, गुडघे टेकले आणि जिभेवरची सवय बोलून गेली.

"द्या ताई, पाय द्या."

त्यानं जीभ चावली, पण शब्द सुटला होता. ती हसली नाही. तिनं मोजा काढला. दोन नखं काळीठिक्कर, करंगळी शेजारच्या बोटाखाली कायमची दबलेली. एकोणीस वर्षं शेजारी झोपणाऱ्या माणसानं हा पाय आज बघितला.

"हे कधी झालं?" त्यानं अगदी हळू विचारलं.

"नाड्या बांधा. मला उद्या सातला उभं राहायचंय."

त्यानं बूट चढवला, नाड्या बांधल्या. बांधता बांधता मान वर न करता पुटपुटला, घरी काय ते बोलू, इथे कुणाला काही सांगू नकोस, माझी इज्जत जाईल. त्याच्या विरळ होत चाललेल्या केसांकडे ती वरून बघत होती. आता आपला भडका उडणार, असं तिला वाटलं. पण तिला रागसुद्धा आला नाही, आणि त्याचंच तिला सगळ्यात वाईट वाटलं.